खण

मराठीत ‘खण’ या एका शब्दावर किती कामांचा भार आहे, हे माळ्यावरून काढलेला लाकडाचा एक फुगलेला ठोकळा मांडीवर घेऊन बसले असताना मला पहिल्यांदा जाणवले. टेबलाला खण असतो, ओटीत खण असतो, आणि जुन्या घराचे मापसुद्धा दोन खांबांमधल्या खणांवरूनच सांगत. माझ्या मांडीवर होता तो आईच्या शिलाई मशीनचा डावीकडचा खण. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढे म्हटले की सांगलीकराला पुढचे सांगावे लागत नाही. गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला आठवडाभर पाण्यात होता. पाणी उतरल्यावर मशीनचे लाकडी फळकूट पापडासारखे फुगून उलगडले होते. लोखंडी सांगाडा आणि वरचा भाग भंगारवाला वजनावर घेऊन गेला. ज्या मशीनवर आईने तीस वर्षे गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले, त्याचे वजन सांगताना त्याने काटा दोनदा दाखवला, तेवढीच त्याची भलाई. आई दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, “तो एक खण राहू दे. अजून उघडतोय.”

तो खण पुढची काही वर्षे माळ्यावर पडून राहिला. त्याला खाली आणण्याचे निमित्त घडले ते आमच्या हस्तकलेच्या गटामुळे. या गटात आम्ही बारा जणी आहोत. बहुतेक सांगली, मिरज आणि कुपवाडच्या, एक तासगावची, एक हरिपूरची. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचे, काहीतरी करायचे आणि त्यापेक्षा जास्त बोलायचे, असा रिवाज. त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्यातल्या ज्येष्ठ बाईंनी, म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षिकेने, एक टूम काढली. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने एकसारखे बारा चिमुकले ‘चार्म’ करायचे. संक्रांतीनंतर ते सगळे एकत्र आणायचे, आणि घरी जाताना प्रत्येकीने बारा जणींचा एकेक असे बारा वेगळे चार्म न्यायचे. मग त्यांच्यासाठी जिने तिने आपल्या मनाने एक पेटी सजवायची. नियम तीनच होते. चार्म कोणत्याही बाजूने दीड इंचाहून मोठा नको. त्याला टांगण्यासाठी भोक किंवा कडी हवी. आणि बाजारात तयार मिळणारी वस्तू नुसती दोऱ्यात ओवून आणायची नाही.

‘चार्म’ला मराठी शब्द शोधण्यात आमची एक अख्खी दुपार गेली. ताईत म्हणावे, तर ताईत राखण करतो आणि तो सहसा झाकलेला असतो. लोलक म्हणावे, तर त्यात लोंबण्याखेरीज काही नाही. पदक गळ्यात अडकते. शेवटी शब्द आहे तसाच राहिला. पण घरी आईला हा सगळा प्रकार समजावून सांगितला तेव्हा तिने एका वाक्यात त्याचा निकाल लावला. “म्हणजे वाण लुटायचं की! त्यात नवीन काय?” संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी चालणाऱ्या हळदीकुंकवात एक बाई सगळ्यांना एकच वस्तू देते, आणि दहा घरी जाऊन आलेल्या बाईच्या पिशवीत दहा वेगळ्या वस्तू जमतात. हिशोब अगदी तोच आहे.

मला मात्र वाणाचा मनापासून कंटाळा आहे, हे इथे कबूल करते. प्लॅस्टिकच्या गाळण्या, साबणाच्या डब्या, झाकण न बसणारे डबे. आमच्या घरी एकदा आलेली चहाची गाळणी दोन वर्षांनी दुसऱ्या वाटेने परत आमच्याच घरी आली होती. तिच्या कडेवर आईने नेलपॉलिशचा ठिपका दिला होता म्हणून ओळखता आली. वाण फिरते राहते, कारण त्यात देणाऱ्या बाईचे काहीच नसते. बाईंच्या अटी ऐकताना मला बरे वाटले ते याच कारणाने. जी वस्तू करायला हात दुखावा लागतो, ती इतक्या सहज पुढे सरकवता येत नाही.

मी डोळे करायचे ठरवले. नवस फेडताना देवीला वाहतात तसे पत्र्याचे डोळे. आपल्याकडे डोळे वाहतात, पाळणा वाहतात, चांदीचे हात-पाय वाहतात. शरीराचा जो भाग दुखला किंवा जी इच्छा पुरी झाली, तिची प्रतिमा. मेक्सिकोतही असे इवलेसे धातूचे पाय, हात, हृदये, गुरे करून संतांच्या मूर्तींना टोचून ठेवतात आणि त्यांना ‘मिलाग्रो’, म्हणजे चमत्कार, असे म्हणतात, हे बाईंनी सांगितले. दोन इतक्या दूरच्या प्रदेशांतल्या माणसांनी देवाशी व्यवहार करताना तीच तडजोड शोधून काढावी, याचे मला फार नवल वाटले नाही. दुखणे नेमके कुठे आहे हे देवाला बोट ठेवून दाखवावे, असे कुणालाही वाटेल.

भांडी गल्लीतून तांब्याचा ३६ गेजचा पत्रा आणला. हा पत्रा साध्या कात्रीने कापता येतो. आधी कागदावर आकृती काढायची, ती पत्र्यावर ठेवायची, खाली वर्तमानपत्रांची जाड घडी घ्यायची आणि शाई संपलेल्या बॉलपेनने रेघा दाबत जायचे. मग पत्रा उलटा करून बुबुळाचा भाग मागून फुगवायचा. पुढून रेघ आणि मागून फुगवटा असे दोन-तीनदा केले की सपाट पत्र्याला पापणी येते. देव्हाऱ्यातले टाक ज्यांनी निरखून पाहिले असतील, त्यांना ही रीत कळेल. कुलदैवताचा टाक पत्र्यावर ठोकून उठवतात, मी तो दाबून उठवत होते, इतकाच फरक. फुगवलेला भाग बोटाने दाबला गेला की चेपतो, म्हणून पाठीमागे एम-सील भरून घेतले. पत्र्याच्या कडा कापतात, त्यांना पॉलिश पेपर फिरवला.

पहिला डोळा तयार झाल्यावर मी तो आईच्या तळहातावर ठेवला. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन तेव्हा तिला तीन महिने झाले होते. तिने तो उजेडाकडे धरला, अंगठा फिरवून पाहिला आणि विचारले, “दुसरा कुठाय?” मी म्हटले, प्रत्येकीला एकेक डोळा द्यायचा आहे. “एक डोळा कोण वाहतं गं? डोळे जोडीनं वाहायचे असतात.” मी नियमावर बोट ठेवले, आकाराचे कारण सांगितले, कलात्मक म्हणून एकच डोळा कसा अधिक बोलतो वगैरे चार वाक्येही टाकली. आईने डोळा माझ्या हातात परत दिला आणि ती भाजी निवडायला गेली. मी चोवीस डोळे केले. दीड इंचाच्या मर्यादेत जोडी बसवायची, म्हणून प्रत्येक डोळा पाऊण इंचाहूनही लहान झाला, आणि अठराव्या-एकोणिसाव्या डोळ्याशी माझी उजवी तर्जनी बधिर झाली. पण पहिला आणि चोविसावा शेजारी ठेवले तर चोविसावा खरोखर पाहतो आणि पहिला नुसता उघडा आहे, एवढा फरक पडला होता.

नवा तांब्याचा पत्रा फार झळाळतो. त्याला जुनेपण यावे म्हणून उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून डोळ्यांबरोबर बंद डब्यात ठेवायचा असतो. बलकातल्या गंधकाने तांबे काही तासांत काळवंडते, मग उंचवट्यावरचा काळेपणा पुसून काढला की खळग्यांत तो राहतो आणि नक्षी उठून दिसते. आमच्या घरात अंडे शिजत नाही. ते शेजारच्या वहिनींकडून उकडून आणले आणि हा सगळा विधी गच्चीवर पार पडला. देवीच्या डोळ्यांना अंड्याचा वास लागला, हे आईला मी अजून सांगितलेले नाही.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी बाईंच्या घरी आम्ही जमलो. सतरंजीवर बारा वाट्या मांडल्या होत्या. एकेक जण उठून प्रत्येक वाटीत आपला एकेक चार्म टाकत गेली. बारा फेऱ्यांत एकशे चव्वेचाळीस वस्तू वाट्यांत पडल्या. पत्रा, काच, माती, लाकूड, लोकर, प्रत्येकाचा पडण्याचा आवाज वेगळा होता. कुणीही निवडायचे नाही, वाटी समोर येईल ती उचलायची, असे ठरले होते. घरी येऊन मी माझी वाटी पांढऱ्या टॉवेलवर उपडी केली.

त्यातले काही पाहताक्षणी आवडले. मिरजेहून आलेला एक तुकडा भोपळ्याच्या कवचीचा होता. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या काम करत आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा कापताना ज्या खापऱ्या उरतात, त्यांतल्या एकीला आमच्या मैत्रिणीने बदामाचा आकार देऊन, चपडा लावून, वाद्याला देतात तसे पॉलिश दिले होते. वजन जवळजवळ नाही, आणि नखाने टिचकी मारली की त्यातून बारीकसा घुमारा निघतो. दीड इंचाच्या तुकड्याला घुमारा कसला, असे कुणी म्हणेल. मला तो ऐकू येतो.

तासगावची हिरव्या मण्यांचा द्राक्षाचा घड करून आणील, हा अंदाज सगळ्यांनी बांधला होता आणि तो खरा ठरला. बाईंनी पत्र्यातून ‘ळ’ हे अक्षर कापले होते. का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं फळ्यावर सुलेखन शिकवलं. मुलांची सगळी अक्षरं सुधारली, ‘ळ’ कुणाचा सुधारला नाही.” क्रोशाचे चप्पल होते, कागदाच्या सुरळ्यांचे मणी होते, पणतीहून लहान असे मातीचे निरंजन होते. हरिपूरच्या काकूंनी अख्खे हळकुंड घेऊन त्याला तांब्याची तार गुंडाळली होती. हळदीच्या पेवांसाठी हरिपूर प्रसिद्ध होते. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. त्यामुळे हळकुंड त्यांच्याकडूनच यायला हवे होते.

एका पुडीत हिरव्या काचेचे दोन वाकडे तुकडे बारीक तारेने एकमेकांना बांधलेले होते. सोबतच्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते: ‘वाढवलेल्या बांगड्या’. आपल्याकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, ती वाढली असे म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. ज्या मैत्रिणीने हे तुकडे दिले, तिचे यजमान त्याआधीच्या वर्षी गेले होते. बारा जणींसाठी काचेचे चोवीस तुकडे, म्हणजे हातातल्या सगळ्याच बांगड्या तिने जपून ठेवल्या असणार. त्या दिवशी सतरंजीवर ती सर्वांत जास्त हसत होती. तिने हे कुणालाही बोलून दाखवले नाही आणि आम्हीही विचारले नाही. भाषेने तिच्यासाठी एक शब्द आधीच करून ठेवला होता, त्याच्या आडोशाला ती बसली.

आणि एक पुरणपोळीचे ताट होते. चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या, ओव्हनमध्ये भाजायच्या मातीचे, चकचकीत, फ्रिजवर चिकटवायला विकतात तसे. पोळी, तुपाची वाटी, कटाची आमटी, कुरडई, लिंबाची फोड. सगळे जागच्या जागी. काम सफाईदार होते हे नाकारता येणार नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर जी पेटी होती, तांबे, लाकूड, काच आणि हळद अशा मंद रंगांची, तिच्यात हे ताट लग्नात बँड शिरावा तसे शिरत होते. पहिले दोन महिने मी ते पुडीतून काढलेच नाही.

पेटीची कल्पना बाईंनी आम्हाला फोटोंतून दाखवली होती. पेरू देशातल्या आयाकुचो या डोंगरी भागात दोन दारांची रंगीत लाकडी पेटी करतात. वरच्या मजल्यावर संत, खालच्या मजल्यावर गुरे आणि गुराखी. गुरांना डाग देण्याच्या विधीत तिची पूजा होत असे. आतल्या बाहुल्यांसाठी उकडलेला बटाटा आणि जिप्सम एकत्र मळतात, हे ऐकून आमच्यातल्या निम्म्या जणींनी वहीत टिपून घेतले. होआकीन लोपेस अन्ताय या तिथल्या पेटीकाराला १९७५ चा राष्ट्रीय सांस्कृतिक पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा एका कारागिराला कलावंतांचा मान कसा, म्हणून त्या देशातल्या काही चित्रकारांनी मोठा वाद घातला होता. आपल्याकडे राजस्थानात चित्तोडगडजवळच्या बस्सी गावचे सुतार ‘कावड’ नावाची लाकडी पेटी करतात. दारामागून दार उघडत जाते, प्रत्येक दारावर कथा, आणि शेवटच्या दाराआड देव. हे सगळे पाहताना मला मात्र लहानपणी गल्लीत येणारी कडकलक्ष्मी आठवत होती. बाईच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा, पुढे आसूड ओढणारा पोतराज, आणि मी आईच्या मशीनखाली, पायट्याच्या मागे लपलेली. भीती आसुडाची नव्हती. त्या लहानशा देव्हाऱ्यात, कवड्या आणि आरशांच्या गर्दीत, कुणीतरी बसून माझ्याकडे बघत आहे, याची होती.

मशीनच्या खणात पेटी करायची हे ठरल्यावर मी तो खाली काढला, सुकलेला गाळ खरवडला आणि पंधरा दिवस सावलीत ठेवला. लांबी तेरा इंच, रुंदी साडेपाच, खोली साडेचार. बाजू सागाच्या होत्या, त्या नीट राहिल्या होत्या. तळाचे प्लायवूड मात्र पदर सुटून फुलले होते. ते काढून चार मिलिमीटरचे नवे बसवले. मग खण उभा केला, आणि जे मी आखलेही नव्हते ते आपोआप समोर आले. खणाची दर्शनी पट्टी आतल्या चौकटीहून चारी बाजूंनी थोडी मोठी असते. ती वर केल्यावर तिचा छज्जा झाला. तिच्यावरची पितळी मूठ कळसासारखी उभी राहिली. कुलपाचे भोक छतात आले, त्यातून दोरा सोडून काही टांगता येणार होते. जणू कुणी खण म्हणून देऊळच करून दिले होते आणि आम्ही ते आयुष्यभर आडवे वापरत होतो.

आतल्या महिरपीसाठी कागदाचा लगदा केला. वर्तमानपत्रे चार दिवस भिजवून, कुटून, त्यात मेथीची पूड मिसळून. आईच्या आईने याच लगद्याने टोपल्या लिंपल्याचे आईला आठवत होते, त्यामुळे कुटण्याचे काम तिने माझ्या हातून काढून घेतले. लगद्याच्या टिकाऊपणाबद्दल सांगलीत कुणाला पुरावा लागत नाही. गणपती मंदिरात भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला गाजावाजा न करता येऊन बसणारा आपला चोर गणपती कागदाच्या लगद्याचाच आहे, आणि विसर्जन न होता तो वर्षानुवर्षे तसाच आहे. आमची महिरप सुकताना मधोमध तडकली. ती भेग मी बुजवली नाही, हळद आणि डिंक यांचे पाणी करून त्यात सोडले. बाजूच्या पट्टीला त्याच हळदीत थोडा चुना कालवून लावला तर ती कुंकवाच्या रंगाची झाली. कुंकू हळदीपासूनच होते हे माहीत असते, पण स्वतःच्या बोटाखाली पिवळ्याचे तांबडे होताना पाहणे वेगळे.

मागच्या भिंतीला कापड हवे होते. आईने ट्रंकेतून ओटीत आलेला एक हिरवा खण काढून दिला, गुळेदगुड्डचा, जांभळ्या काठाचा, कधीच न शिवलेला. “ब्लाउज शिवीन म्हणून ठेवला होता,” ती म्हणाली, आणि स्वतःच कात्री लावली. फेविकॉलने पातळ कापडावर डाग उमटतात, म्हणून मैद्याची खळ केली आणि बुक बाइंडिंगवाले टाकतात तसे तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकले. खणात खण बसला.

एवढे झाल्यावर आईने प्रश्न काढला: हे आहे काय? मी सहज ‘देव्हारा’ म्हणून गेले होते. ती म्हणाली, “देव्हारा म्हणालीस तर रोज दिवा लावावा लागेल. सोवळं आलं, सुतक आलं. आणि त्यात चपला टांगणार तू.” क्रोशाच्या चपलांचा मला विसर पडला होता. मखर म्हणावे, तर ते सणापुरते असते. शेवटी तिने ‘कोनाडा’ म्हटले आणि तो शब्द पेटीला घट्ट बसला. जुन्या घराच्या भिंतीतल्या कोनाड्यात दिवाही असे आणि फणीही; कुंकवाचा करंडा, किल्ल्या, औषधाची पुडी, कुणाचा तरी फोटो, सगळे एकाच तेलकट कमानीखाली. त्याला कुणी देव्हारा म्हटले नाही, पण तिन्हीसांजेला त्याच्याकडे पाहून हात जोडणारी माणसे होती.

मधली जागा रिकामी होती. बाराही चार्म भोवतीचे होते, मध्ये काय ठेवावे हे त्यांच्यापैकी एकालाही झेपले नसते. खण साफ करताना त्यातून गंजलेल्या सुया, चार बॉबिनी, बटणांची डबी, तळाला चिकटून विरघळलेला टेलरिंगचा खडू आणि कापड दाबून धरणारा एक जादा भाग निघाला होता, ज्याला आई ‘पाय’ म्हणते. सुई ज्याच्या मधून खाली उतरते तो पुढून दुभंगलेला लोखंडी पाय. मशीनच्या तेलात दोन दिवस ठेवून आणि पॉलिश पेपरने घासून मी त्याचा गंज काढला, आणि टेबलावर आडवा ठेवला तेव्हा ते दोन तळवे शेजारी शेजारी दिसले. आम्ही कृष्णाकाठचे लोक. औदुंबरला विमल पादुका, नरसोबाच्या वाडीला मनोहर पादुका; इथे देव पावलांनी ओळखतात, चेहरा लागत नाही. मी आईला काही म्हटले नाही. तो पाय हिरव्या खणावर, महिरपीच्या भेगेखाली, दोन खिळ्यांवर बसवला. संध्याकाळी पाहते तर आई चष्मा लावून समोर उभी होती. तिने बोटाची टोके त्या लोखंडाला लावली आणि डोळ्यांना लावली, जशी ती रोज मशीनवर बसण्याआधी करत असे.

मग टांगण्याचे काम. माझे डोळे छज्जाखाली, बांगड्यांच्या काचा कुलपाच्या भोकातून सोडलेल्या दोऱ्याला, कारण दुपारी तीननंतर तिथे ऊन येते. घड, निरंजन, मणी, ‘ळ’. भोपळ्याची बदामी खापरी कशालाही टेकणार नाही अशी, नाहीतर तिचा आवाज बसतो. विकतच्या वस्तू लावल्या असत्या तर मी रंग जुळवले असते. इथे प्रत्येक वस्तूमागे एकेक माणूस उभे होते, आणि दोन वस्तू शेजारी लावताना त्या दोघींचे पटते का, असा विचारही मनात येऊन गेला. पुरणपोळीचे ताट मी शेवटी खालच्या कोपऱ्यात, निरंजनाच्या मागे अर्धवट झाकले जाईल असे लावले. दुसऱ्या दिवशी ते पायाच्या बरोबर खाली, मधोमध होते. “नैवेद्य कोपऱ्यात नसतो,” आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

सहा महिन्यांत हळकुंडाला भुंगा लागला. मेथी आणि मोरचूद यांनी लगदा आणि कापड राखले, हळकुंडाचा विचार कुणी केला नव्हता. पेटीच्या तळाशी रोज सकाळी पिवळी पूड पडलेली असे. हरिपूरच्या काकूंना सांगितले तर त्या हसल्या; म्हणाल्या, “किडा लागला म्हणजे हळद खरी आहे,” आणि दुसरे देऊ का, असे विचारले. मी नको म्हटले. हळकुंडाला चपडा लावला, तरी अजून थोडी पूड पडते.

पावसाळ्यात धरणांतून विसर्ग वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या की गावभागात सगळ्यांच्या फोनवर पुलाजवळची पातळी फिरू लागते. आम्ही २०१९ पासून शहाणे झालो आहोत. फूट मोजत बसत नाही, आधी सामान वर नेतो. यंदा कागदपत्रांची पिशवी आणि गॅसची शेगडी यांच्याही आधी आईने कोनाडा जुन्या चादरीत गुंडाळला आणि जिना चढली. पाणी आमच्या गल्लीत आले नाही. चार दिवसांनी पेटी खाली आणून उलगडली तेव्हा चादरीभर हळद सांडली होती आणि पुरणपोळीच्या ताटाची कडी निघून आली होती. एम-सील शोधू लागले, तर आई म्हणाली, राहू दे, ते पुन्हा निघेल. तिने ताटाच्या भोकातून खणाला दोन-तीन टाके घालायचे ठरवले, काळ्या दोऱ्याची रीळ काढली, सुई घेतली, खिडकीपाशी गेली, दोन्ही हात उजेडात धरून तीनदा प्रयत्न केला आणि मग रीळ माझ्यापुढे धरली.

“ओवून दे गं,” ती म्हणाली, “दोरा दुहेरी घे.”